सदऱ्याचे इमान

सियालदह स्थानकाच्या दारात ज्याने मोठ्या सामन्याच्या दिवशी दुपारी घटकाभर उभे राहून पाहिले नसेल, त्याला रंग या वस्तूचे सामर्थ्य पुरते कळले आहे असे म्हणवत नाही. नैहाटी, बॅरकपूर, बारासात, बनगाव या बाजूंच्या लोकल एकामागून एक येतात, फलाटावर माणसे ओतून रिकाम्या होतात, आणि एरवी एकसारखी घामट व घाईची दिसणारी ती गर्दी त्या दिवशी उभी चिरलेली दिसते. एका बाजूस हिरवा-किरमिजी, म्हणजे मोहन बागान. दुसऱ्या बाजूस लाल-पिवळा, म्हणजे ईस्ट बंगाल. जुलै २०२२ मध्ये सियालदहला मेट्रो आली. तेव्हापासून हे दोन्ही प्रवाह एकाच सरकत्या जिन्याने खाली उतरतात आणि एकाच डब्यात दाटीवाटीने उभे राहून सॉल्ट लेकच्या क्रीडांगणाकडे जातात. तोंडाने एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार चाललेला असतो. पण डब्यात एखादी म्हातारी चढली की दोन्ही रंगांचे सदरे तिला जागा देण्यासाठी एकदमच उठतात.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात माझी कोलकात्यास बदली झाली. सरकारी क्वार्टर मिळेपर्यंत म्हणून सियालदहमागे, बैठकखाना बाजाराच्या बाजूस, एका जुन्या घराचा वरचा मजला आम्ही भाड्याने घेतला आणि मग तेथेच राहिलो. येऊन पुरता महिना झाला नसेल, तोच आमचे अकरा वर्षांचे चिरंजीव एके दिवशी उड्डाणपुलाखालच्या फेरीवाल्याकडून दोन जर्सी घेऊन घरी आले. एक हिरवी-किरमिजी, एक लाल-पिवळी. वाढदिवसाला मिळालेले पैसे त्याने त्यात घातले होते. मी कारण विचारले. त्याचे उत्तर व्यवहारी होते: वर्गात अर्धी मुले या बाजूची, अर्धी त्या बाजूची, 'तू कोणाचा?' असे जो विचारील त्याच्या रंगाची घालायची, म्हणजे भांडण नाही.

मला ते आवडले नाही. "ही लबाडी झाली," मी म्हणालो, "बहुरूप्याचे सोंग झाले." मुलगा शांतपणे म्हणाला, "बाबा, आपण नागपूरला होतो तेव्हा तुम्ही म्हणायचात की संत्री खावी तर इथलीच. हैदराबादला गेलो तेव्हा बिर्याणी इथलीच. आणि परवा पाहुण्यांना सांगत होता की रसगुल्ला खाल्ला तो इथेच. मग?" स्वयंपाकघरातून हसण्याचा आवाज आला. त्या वेळी मी वर्तमानपत्र उघडले, पण प्रश्न मिटला नाही. आपण सारी बदलीची माणसे. दर तीन-चार वर्षांनी नव्या गावी चार्ज घ्यायचा, तेथली भाषा थोडीफार शिकायची, तेथल्या सणांना तेथल्यासारखे नटायचे, आणि हुकूम आला की सारे खुंटीला टांगून निघायचे. पोराने एका वाक्यात माझ्या वीस वर्षांच्या नोकरीचा हिशेब मांडला होता.

संघाचा वेष अंगावर चढवणे म्हणजे नेमके काय करणे, या प्रश्नाचा मी तेव्हापासून विचार करीत आहे. आपल्या भाषेत यासाठी दोन शब्द आहेत आणि दोहोंत मोठे अंतर आहे. एक सोंग, दुसरा गणवेश. सोंग एकट्याचे असते. ते घेणाऱ्याला आणि पाहणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असते की हे घटकाभराचे आहे. म्हणूनच बहुरूपी प्रामाणिक असतो: फौजदार होऊन दारात दरडावतो आणि शेवटी हात पसरून बक्षीस मागतो, तेव्हा त्याने कोणालाही फसवलेले नसते. गणवेशाचे तसे नाही. तो गणाचा वेष. माझ्या अंगावर असला तरी तो माझा एकट्याचा नाही. तो घातला की दुसऱ्या दहाजणांच्या चुकांचा आणि पराक्रमांचा भार माझ्यावर येतो, माझ्या चुकांचा त्यांच्यावर जातो. तेव्हा सोंगाला गणवेश म्हणून मिरवणे ही लबाडी खरीच. पण गणवेश खरा केव्हा ठरतो? सर्वांनी सारखे कपडे घातले म्हणजे तो खरा झाला काय?

या ठिकाणी आपल्याच मुलखातले एक उदाहरण मला आठवते, आणि ते फारसे सुखाचे नाही. पळवणकर बाळू हे चर्मकार कुटुंबातले, कोकणातील पळवण गावाचे नाव लावणारे, पुण्यात वाढलेले. क्रिकेट क्लबाच्या खेळपट्टीची निगा राखण्याच्या, जाळ्यात साहेबांना गोलंदाजी टाकण्याच्या नोकरीतून ते वर आले आणि त्या काळचे आपल्या देशातील सर्वश्रेष्ठ डावखुरे गोलंदाज ठरले. पुण्याच्या हिंदू संघाला युरोपियनांना हरवायचे होते, म्हणून बाळूंना संघात घ्यावे लागले. त्यांच्या अंगावर इतरांसारखाच पांढरा शुभ्र पोशाख. मैदानात तोच चेंडू सवर्णांच्या आणि त्यांच्या हातांतून फिरे. परंतु चहाची वेळ झाली की इतरजण आत चिनी मातीच्या कपांतून चहा पीत, आणि बाळूंना तो बाहेर, मातीच्या, पिऊन टाकून द्यायच्या भांड्यात मिळे. पुढे १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडला गेला, त्या दौऱ्यात बाळूंनी शंभरावर बळी मिळवले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. ते १९२३ साली त्यांचा धाकटा भाऊ विठ्ठल यांना मिळाले, आणि तेही सुखासुखी नव्हे. इतके शुभ्र कपडे आणि इतका डागाळलेला संघ! एका रंगाने ज्यांना झाकले त्यांचे कप निराळे होते.

या सत्यकथेशेजारी एक काल्पनिक कथा ठेवून पाहावी. २००१ साली आशुतोष गोवारीकरांचा 'लगान' आला. त्याचे पोशाख कोल्हापूरच्या भानू अथैया यांचे. 'गांधी' चित्रपटासाठी ऑस्कर मिळवणाऱ्या याच पहिल्या भारतीय. राजोपाध्ये घराण्यातल्या, चित्रकाराच्या कन्या. 'लगान'च्या पोशाखांसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यांनी तेथे काय केले ते नीट पाहण्यासारखे आहे. १८९३ सालच्या त्या सामन्यात इंग्रज संघ पांढऱ्या गणवेशात आहे, आणि गावकऱ्यांच्या संघाला गणवेशच नाही! शेतकरी शेतकऱ्याच्या वेषात, लोहार लोहाराच्या, कुंभार कुंभाराच्या. मुंडाशी निराळी, बंड्या निराळ्या. प्रत्येकाने आपापली जात, आपापला धंदा अंगावर घालूनच मैदानात पाऊल टाकलेले. त्यांत कचरा नावाचा एक अस्पृश्य, अधू हाताचा फिरकी गोलंदाज आहे. त्याला संघात घेण्यावरून आधी फूट पडते, मग समजूत पटते आणि त्यानंतर तो संघ खरोखर संघ होतो. बाळूंच्या वेळी गणवेश एक आणि गण दुभंगलेला. येथे गणवेश नाही आणि गण एक. मला तर वाटते की अथैयाबाईंनी त्या अकरा वेगवेगळ्या वेषांतून अनेक पानांचा निबंध लिहिला आहे.

अर्थात तो चित्रपट होता. शेवटच्या चेंडूवर षटकार बसला, दुष्काळी गावावर पाऊसही वेळेवर आला. बाळूंच्या बाबतीत पाऊस इतक्या वक्तशीरपणे पडला नाही.

१९११ साल निघाले, तेव्हा कोलकात्यात त्याच वर्षी काय घडले ते सांगितल्यावाचून येथले कोणी मला क्षमा करणार नाही. २९ जुलै १९११ या दिवशी मोहन बागानने आय.एफ.ए. शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचा २-१ असा पराभव केला. आधी गोऱ्यांनी गोल केला. मग कर्णधार शिवदास भादुडी यांनी बरोबरी साधली आणि अभिलाष घोष यांनी विजयाचा गोल मारला. बाळू इंग्लंडात गोऱ्यांचे बळी घेत होते आणि इकडे हे. त्या अकराजणांपैकी रेव्हरंड सुधीर चटर्जी तेवढे बूट घालून खेळले, बाकीचे अनवाणी. या सामन्यावर २०११ साली, शंभर वर्षे भरली तेव्हा, अरुण रॉय यांनी 'एगारो' म्हणजे 'अकरा' या नावाचा बंगाली चित्रपट काढला. तो पाहताना मला राहून राहून त्या अनवाणी पायांचाच विचार पडला. १९११ च्या खेळाडूंना अनवाणी पाय हा वेष नव्हताच. ती त्यांची सवय होती. कोरड्या जमिनीवर ती उपयोगी पडे, चिखलात घात करी. शंभर वर्षांनी नटांनी मात्र ते पाय पोशाखासारखे चढवले. सवयीचे चिन्ह झाले आणि चिन्हाचे दृश्य.

नटांना मी दोष देत नाही. उलट त्या सवयीला जे लोक अस्मितेचे चिन्ह करून बसले, त्यांनी पुढे खेळाचे नुकसानच केले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले व फ्रान्सकडून १-२ असे थोडक्यात हरले, त्याचे कौतुक झाले. १९५२ मध्ये हेलसिंकीच्या थंडीत युगोस्लाव्हियाने आपल्यावर दहा गोल केले, तेव्हा कोठे बूट सक्तीचे झाले. म्हणजे वृत्ती पायांच्या उघडेपणात नव्हती. ती असती तर बूट घालताच जायला हवी होती. पण याच बुटांनी पी. के. बॅनर्जी आणि जर्नेल सिंग यांनी १९६२ च्या जकार्ता आशियाई खेळांत दक्षिण कोरियाविरुद्ध गोल करून सुवर्णपदक आणले. जर्नेल सिंग तर स्पर्धेत डोक्याला झालेली जखम घेऊन खेळत होते. त्या विजयावरही चित्रपट निघाला आहे, २०२४ चा 'मैदान'.

येथे चित्रपटाविषयी माझी एक तक्रार नोंदवतो. खेळावरचे आपले बहुतेक चित्रपट विजयाचाच सदरा शिवतात. 'लगान' जिंकतो, 'एगारो' जिंकतो, 'मैदान' जिंकतो. प्रेक्षकाने अडीच तास तो सदरा अंगावर घ्यायचा आणि जिंकून घरी जायचे. हरण्याची जोखीम त्यात मुळी नाहीच. 'चक दे इंडिया'ने (२००७) निदान प्रारंभ तरी पराभवाने केला. देशाचा निळा सदरा घातलेला माणूस पाकिस्तानविरुद्ध एक संधी हुकवतो आणि लोक त्याच्या घराच्या भिंतीवर गद्दार असे लिहितात. ज्या गोलरक्षकाच्या अनुभवाशी ती कथा जोडली जाते ते मीररंजन नेगी १९८२ च्या दिल्ली आशियाई खेळांत अंतिम सामना १-७ असा हरल्यावर अशाच संशयाचे धनी झाले होते. चित्रपटातील हॉकीपटू मुलींना खेळ शिकवायला पुढे तेच आले. परंतु त्या चित्रपटालाही अखेर विश्वचषकाशिवाय घरी परतवले नाही. नागराज मंजुळे यांनी 'झुंड'मध्ये (२०२२) नागपूरच्या विजय बारसे सरांची, प्लास्टिकचा डबा लाथाडीत फुटबॉल खेळणाऱ्या झोपडपट्टीतील पोरांची कथा सांगितली. ती मला अधिक जवळची वाटते. कारण त्या पोरांना जिंकण्याच्या आधी कुंपणाच्या आत यायचे आहे, आणि ते अधिक कठीण आहे.

हे सारे मी कोणाशी बोलत असे, तर आमच्या तळमजल्यावरच्या आजोबांशी. माझा मुलगा त्यांना त्यांच्या नातवाप्रमाणे 'दादू' म्हणतो. वय ऐंशीच्या पुढे. १९५० च्या दंगलीनंतर बारिसालहून आगबोटीने खुलना, तेथून रेल्वेने सियालदह असा प्रवास करून आठव्या वर्षी ते येथे उतरले आणि काही महिने याच स्थानकाच्या फलाटावर राहिले. या स्थानकाचे मूळ गंमतीचे आहे: ही ईस्टर्न बेंगाल रेल्वेची राजधानी. फाळणीनंतरही, १९६५ च्या युद्धापर्यंत, येथून पूर्व बंगालात गाड्या जात होत्या. ज्या रुळांवरून मंडळी एके काळी पूजेच्या सुटीत घरी जात, त्याच रुळांवरून ती कायमची इकडे आली. फलाटावर एकेका कुटुंबाने चार बोचक्यांची भिंत करून आपली जागा आखली होती. "पत्ता विचारला की वडील खांबाचा नंबर सांगत," दादू म्हणाले.

ईस्ट बंगाल क्लब त्याआधीचा, ऑगस्ट १९२० चा. एका खेळाडूला सामन्यातून वगळल्याच्या रागातून तो निघाला. लाल-पिवळा रंग चौरंगीवरच्या व्हाइटअवे लेडलॉ या साहेबी दुकानात टांगलेल्या सदऱ्यावरून उचलला, असे सांगतात. म्हणजे मूळ पाहिले तर एक भांडण आणि एक दुकानातला सदरा. तरीसुद्धा फलाटावरच्या माणसांसाठी तो रंग हरवलेल्या मुलखाचे नाव झाला. ज्यांच्यापाशी शिधापत्रिकेवर लिहिण्याजोगा पत्ता नव्हता, त्यांना त्या दोन रंगांत एक पत्ता मिळाला. जिंकले की घरोघर हिल्सा शिजे. (मोहन बागानवाले जिंकले की कोळंबी; बाजारातले मासेवाले या दोन्ही पक्षांचे सारखेच भक्त असतात.) आणि यातली खरी मौज अशी की १९११ च्या त्या विजयी मोहन बागान संघातही पूर्व बंगालात जन्मलेले कितीतरीजण होते, खुद्द भादुडी बंधूंसह. तेव्हा जन्मावरून सदरा ठरतो म्हणणाऱ्यांनी आधी त्या अकरांची वंशावळ तपासावी.

दादूंना मी माझ्या मुलाच्या दोन जर्सींची गोष्ट सांगितली, ती काहीशी लाजतच. ते रागावले नाहीत. म्हणाले, "बर्गीमशाय, घालू दे त्याला कोणतीही. हरल्यावर परत येताना ती अंगावर राहते की नाही, तेवढे पाहा." बंगालातल्या मुलांना एके काळी बर्गीची भीती घालून निजवीत, १७४२ पासूनच्या नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांची ती आठवण. दादू मला त्याच नावाने हाक मारीत आणि मी ती गोड मानून घेई.

या हाकेनेच मला आणखी एक गोष्ट सुचवली. बर्गी म्हणजे आपला बारगीर. मराठी फौजेत शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन येई. बारगिराला घोडा सरकारचा, हत्यार सरकारचे. आपल्याला सहजच शिलेदार थोर वाटतो. परंतु आपण सारे अधिकारी बारगीरच नाही काय? खुर्ची सरकारची, शिक्का सरकारचा, आणि उद्या दुसरा येऊन त्याच घोड्यावर बसणार. आजचे खेळाडूही बारगीरच. मिझोरमचा मुलगा, केरळचा मुलगा, स्पेनचा प्रौढ खेळाडू दोन वर्षांच्या करारावर येतो, लाल-पिवळी किंवा हिरवी-किरमिजी घालतो, पुढच्या हंगामात दुसरी. त्याने नव्वद मिनिटे जीव ओतला तर तेवढ्या काळापुरता तो सदरा खोटा म्हणता येईल का? मला म्हणवत नाही. घोडा कोणाचा यावर इमान ठरत असते तर बारगिरांची फौज पहिल्याच लढाईत पळाली असती. सखाराम गणेश देऊस्कर आपलेच. पण १९०४ साली त्यांनी 'देशेर कथा' लिहिली ती बंगालीत, आणि त्यांच्या बंगालीपणाला सोंग म्हणण्याची कोणाची छाती झाली नाही.

सोंगाचा संशय मला येतो तो दुसरीकडेच. १९९८ साली मद्याच्या धंद्यातील एका बड्या उद्योगसमूहाने या दोन्ही क्लबांत एकदमच भागीदारी घेतली, आणि एकाच्या नावामागे मॅकडॉवेल व दुसऱ्याच्या नावामागे किंगफिशर अशी बिरुदे लागली. पाऊणशे वर्षांचे वैरी एकाच मालकाच्या दोन बाटल्या झाले. २०२० मध्ये मोहन बागानच्या नावापुढे दुसऱ्या एका संघाची अक्षरे जोडली गेली. समर्थकांनी ती काढून टाका म्हणून तीन वर्षे धोशा लावला, तेव्हा २०२३ मध्ये ती निघाली आणि तिच्या जागी मालकाच्या दुसऱ्या संघाचे उपपद आले. त्याच वर्षी २० मे रोजी लखनौचा क्रिकेट संघ ईडन गार्डनवर कोलकात्याविरुद्ध खेळायला उतरला तो हिरव्या-किरमिजी सदऱ्यात! मालक एकच, म्हणून. कित्येक मोहन बागानवाल्यांना आनंद झाला, कित्येकांच्या पोटात ढवळले. मला त्या लखनौकरांचे काही वाटले नाही. ते एका धावेने जिंकले आणि गेले. पण तो सदरा त्यांनी जिंकण्याहरण्यासाठी घातलेला नव्हता, टाळ्यांसाठी घातलेला होता. एका संध्याकाळचा वेष, शेवटी हातही न पसरणारा. बहुरूप्याचा प्रामाणिकपणासुद्धा त्यात नव्हता.

दादूंच्या कसोटीला मात्र एक दुसरी बाजू आहे आणि ती त्यांनीच मला दाखवली. सदरा काही केल्या अंगावरून उतरतच नाही, असेही घडते. ३० सप्टेंबर १९७५ रोजी शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट बंगालने मोहन बागानला ५-० असे हरवले. त्या रात्री एका तरुण मोहन बागान समर्थकाने जीव दिला. १६ ऑगस्ट १९८० ला ईडन गार्डनवर याच दोन संघांच्या सामन्यात प्रेक्षकांत मारामारी पेटली, पळापळ झाली आणि सोळाजण मेले. दादू तेव्हा अडतीस वर्षांचे, त्या सज्जात नव्हते. पण त्यांच्या कचेरीतला एक मुलगा होता. "तो परत आला," ते म्हणाले, "पण पुढे कधी मैदानावर गेला नाही. सदरा मात्र ठेवलान." एवढे सांगून ते उठले आणि झाडांना पाणी घालू लागले. हरल्यावर सदरा राखणे आणि सदऱ्यापायी माणूस गमावणे, यांमधली रेघ कोठे काढायची हे मी त्यांना विचारू शकलो नाही.

त्या रेघेचे काहीसे उत्तर मला दोन वर्षांनी रस्त्यावर दिसले. ऑगस्ट २०२४ मध्ये आर. जी. कर रुग्णालयात एका तरुण डॉक्टर मुलीची हत्या झाली आणि शहर पेटून उठले. १८ ऑगस्टला ड्युरँड चषकात या दोन संघांची गाठ पडायची होती. बंदोबस्ताचे कारण सांगून सामना रद्द झाला. खेळ नाही म्हटल्यावर लोकांनी घरी बसायचे; पण ते क्रीडांगणाबाहेर जमले, लाल-पिवळे आणि हिरवे-किरमिजी, आणि त्यांत मोहमेडन स्पोर्टिंगचे काळे-पांढरेही. एकमेकांचे जन्माचे वैरी त्या मुलीसाठी न्याय मागत एका ओळीत उभे राहिले, पोलिसांच्या लाठ्याही त्यांनी एकत्र खाल्ल्या. कोणी आपला सदरा काढून ठेवला नव्हता. रंग तसेच राहिले आणि गण मात्र मोठा झाला. पुढे जानेवारी २०२५ मध्ये या खटल्याचा निकाल आमच्या सियालदहच्याच न्यायालयात लागला, आरोपीला जन्मठेप झाली. त्या दिवशी न्यायालयाबाहेरची गर्दी मी गच्चीतून पाहिली, तीत कोणताच रंग नव्हता.

माझ्या मुलाची गोष्ट मात्र अर्धीच राहिली. २९ ऑक्टोबर २०२२ च्या सामन्याला दादूंच्या मुलाबरोबर आणि नातवाबरोबर तोही गेला. जाताना लाल-पिवळी घालून गेला, कारण सोबत तशी होती. हिरवी-किरमिजी त्याने पिशवीत घातलेली मी पाहिली होती आणि काही बोललो नव्हतो. ईस्ट बंगाल ०-२ असा हरला. त्या दिवसांत तो मोहन बागानपुढे हरतच असे. ती माळ तुटली १२ ऑगस्ट २०२३ ला. रात्री मी मेट्रोच्या तोंडाशी जाऊन उभा राहिलो. जिंकलेले नाचत वर येत होते. हरलेल्यांपैकी काहींनी वरून साधे सदरे चढवले होते, काहींनी जर्सी उलटी करून घातली होती. त्यांना दोष कसा द्यावा, पुढे लोकलमध्ये दीड तास त्यांना टोमणे ऐकायचे होते. सर्वांत शेवटी आमची मंडळी आली. दोन्ही पोरे लाल-पिवळ्यात, चेहरे रडून सुजलेले. वाटेत कोणीतरी त्यांना उद्देशून काहीतरी म्हटले. नातवाने मान खाली घातली, आमच्याने घातली नाही. पिशवी त्याच्या खांद्यावर होती आणि तिचा बंद तसाच बांधलेला होता.

घरी आल्यावर दादू वऱ्हांड्यात जागेच होते. त्यांनी दोघांकडे एकदा पाहिले आणि आत आवाज दिला की मुलांना काहीतरी खायला द्या. मला ते काहीच म्हणाले नाहीत.

गेल्या महिन्यात बदलीचा हुकूम आला. ट्रंका काढल्या आहेत. निरोपाचा चहा हाजरा रोडच्या महाराष्ट्र निवासात ठरला आहे, आणि तेथे मी पुन्हा एकदा या शहराची स्तुती करीन. या वेळी चिरंजिवांनी हसायचे नाही असे कबूल केले आहे. लाल-पिवळी जर्सी आता त्याला आखूड होते, तरी ती त्याच्याच सामानात गेली. हिरव्या-किरमिजी जर्सीची घडी अजून मोडलेली नाही, दुकानदाराची चिठ्ठीही तिला तशीच टाचलेली आहे. घरात विचारणा झाली की ही कोणाला द्यायची. मुलगा म्हणाला, ती ज्याला द्यायची त्याला आधी विचारायला हवे. कपाटाच्या रिकाम्या फळीवर ती सध्या एकटीच पडून आहे.